पांढऱ्यापासूनच का?

पाढे पाठ असलेल्या मुलांना ‘सात आठे किती?’ असं मध्येच विचारलं, की काही मुलं ताडकन ‘छप्पन्न’ म्हणतात आणि काही ओठातल्या ओठात पुटपुटायला लागतात. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस... अशी एकेक पायरी चढत ती छप्पन्नाला पोचतात. उत्तर दोघांचंही बरोबर असतं. पण दुसऱ्या मुलाला जिन्याच्या मधल्या पायरीवर पाय ठेवता येत नाही. वाटेत कुणी हाक मारली, की बिचारं पुन्हा सात एकेला!

शब्दकोशाचंही तेच. ‘ध’ काढ म्हटलं, की क ख ग घ पासून गाडी सुटते. ध हा द आणि न यांच्यामध्ये येतो हे त्या मुलाला माहीत नसतं असं नाही, पण तिथे थेट जायची वाट त्यानं कधी वापरलेलीच नसते. मी बरीच वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे ही पुटपुट माझ्या कानात पक्की बसली आहे. आमच्या शाळेत एका बाईंचा खाक्या असा होता, की मुलानं ‘एके’पासून सुरुवात केली की त्याला थांबवायचं आणि ‘पाचा’पासून म्हण म्हणायचं. मुलं कुरकुरायची. पण दिवाळीपर्यंत त्यांच्या वर्गातली पुटपुट बंद झालेली असायची.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे रुबिकचा क्यूब. तोच तो, सहा रंगांचा, कराकरा फिरणारा. आज कुठल्याही मुलाच्या हातात विस्कटलेला क्यूब द्या. ते आधी काय करेल? पांढरा शोधेल. समोर हिरव्याचं अर्धं काम आयतं झालेलं असलं, तरी ते पांढराच शोधेल. का, असं विचारलं तर म्हणेल, ‘पांढऱ्यापासूनच करतात.’

ज्यांनी क्यूब कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाकीच्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये एर्नो रुबिक या वास्तुकला शिकलेल्या शिक्षकानं १९७४ साली हा ठोकळा बनवला. गंमत म्हणजे बनवणाऱ्यालाच तो विस्कटल्यावर परत जुळवायला महिन्याहून जास्त काळ लागला. १९८० सालापासून तो जगभर विकला जाऊ लागला. बाहेरून दिसणारे तुकडे सगळे मिळून २६. त्यातले ८ कोपऱ्याचे, त्यांना तीन तीन रंग. १२ कडेचे, त्यांना दोन दोन. आणि ६ मधले, त्यांना एकेकच. एवढ्याशा तुकड्यांच्या मांडण्या होतात ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. ही २० आकडी संख्या मी दोनदा तपासून लिहिली आहे! आणि २०१० साली संगणकाच्या मदतीनं असं सिद्ध झालं, की यातली कुठलीही मांडणी जास्तीत जास्त २० चालींत सुटू शकते. तुमच्या-माझ्या २० चालींत नव्हे हो, ज्याला सगळं दिसतं त्याच्या!

आता यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हे जे ६ मधले तुकडे आहेत ना, ते एकमेकांच्या संदर्भात कधीच जागा बदलत नाहीत. कितीही फिरवा, पांढऱ्याच्या समोर पिवळा तो पिवळाच. म्हणजे सहाही रंगांचा दर्जा अगदी सारखा. पांढरा हा काही त्यांच्यातला मोठा भाऊ नाही. तो ठळक दिसतो, आणि सगळ्यांनी एकच रंग धरला की शिकवणाऱ्याची सोय होते, एवढंच त्याचं मोठेपण. व्हिडिओत सांगणाऱ्याच्या हातात पांढरा, म्हणून बघणाऱ्याच्याही हातात पांढरा.

मी स्वतः पांढऱ्यापासून शिकले नाही, त्यात माझं काही शहाणपण नव्हतं. २०१९ साली नातवानं मला क्यूब शिकवायला घेतला तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. संध्याकाळी दिव्याखाली पांढरा आणि पिवळा मला एकच वाटायचे, ताक आणि ताकाची कढी असावी तसे. हिरवा मात्र बरा कळायचा. नातू म्हणे, ‘आजी, आधी पांढरा क्रॉस.’ मी म्हटलं, ‘बाळा, मला पांढरा दिसेल तेव्हा ना!’ मग आम्ही हिरव्यापासून सुरुवात केली. त्यानं व्हिडिओतल्या प्रत्येक पायरीचं मनातल्या मनात भाषांतर केलं. पांढऱ्याच्या जागी हिरवा, पिवळ्याच्या जागी निळा. पोरगा वैतागला, पण तेव्हाच त्याला पहिल्यांदा उमगलं की आपण रंग पाठ केले होते, रीत नव्हे. पुढे ऑपरेशन झालं आणि पांढरा असा काही पांढरा दिसायला लागला की डोळे दिपले. पण तोवर माझी सवय झाली होती. मी क्यूब हातात घेऊन आधी विचारते, आज कुणापासून?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतली सात-आठ मुलं रोज दुपारी माझ्याकडे यायची. बाहेर ऊन, घरात पंखा, खाली सतरंजी. कुणाला क्यूब थोडा येत होता, कुणाला अजिबात नाही. ज्यांना येत होता ती सगळी व्हिडिओ बघून शिकलेली. आमच्याकडे पोळ्या करायला मावशी येतात, त्यांची मुलगी पाचवीत गेली होती. एके दिवशी मावशी म्हणाल्या, ‘आजी, हिला बसवू का तासभर तुमच्याकडं? घरी एकटी बसून करणार काय?’ म्हटलं, बसवा की. ती आली ती फ्रॉकच्या खिशात स्वतःचा क्यूब घेऊनच. गावच्या जत्रेत चाळीस रुपयांना घेतलेला, कागदी स्टिकरचा, फिरवताना अडकणारा.

दोन दिवस ती कोपऱ्यात बसून इतरांचं बघत होती आणि तसंच करत होती. तिसऱ्या दिवशी एकानं तिच्या हातातला क्यूब घेतला, दोन मिनिटं खटपट केली आणि जाहीर केलं, ‘हा खोटा क्यूब आहे. सुटतच नाही.’ झालं! मग प्रत्येकानं हात लावून बघितलं आणि प्रत्येकानं मान डोलावली. ती काही बोलली नाही. क्यूब परत घेतला आणि खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा क्यूब आणलाच नव्हता.

मी म्हटलं, उद्या घेऊन ये, मला बघायचाय.

तो खोटा वगैरे काही नव्हता. त्याचे रंग वेगळ्या रचनेचे होते, इतकंच. नेहमीच्या क्यूबवर पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा आणि लालसमोर केशरी असतो. हिच्या क्यूबवर पांढऱ्यासमोर निळा होता आणि पिवळ्यासमोर हिरवा. लाल-केशरी तेवढे जागच्या जागी. मला फार नवल वाटलं नाही, कारण जपानमध्ये पूर्वी विकल्या जाणाऱ्या क्यूबांवर नेमकी हीच रचना असायची हे मला नातवाकडून कळलं होतं.

आता व्हिडिओत काय सांगतात? पिवळ्या मध्याभोवती आधी चार पांढऱ्या पाकळ्या जमवा. डेझीचं फूल म्हणतात त्याला, आपण शेवंती म्हणू. मग प्रत्येक पाकळीचा दुसरा रंग बाजूच्या मध्याशी जुळवा आणि ती बाजू दोनदा फिरवून पाकळी खाली न्या, की तळाशी पांढरा क्रॉस तयार. हिच्या क्यूबवर शेवंती तर झाली. पण लाल आणि केशरी या दोनच पाकळ्या बाजूला जुळल्या. उरलेल्या दोघींना बाजूला जोडीदारच नव्हता. हिरवा गेला होता तळाला आणि पिवळा बसला होता माथ्यावर. आणि जुळलेल्या दोन पाकळ्या खाली नेल्या, तर त्या हिरव्याभोवती जाऊन बसल्या! म्हणजे ‘पांढरा’ आणि ‘पिवळा’ या दोन शब्दांनी शिकवलं, तर हा क्यूब खरोखरच सुटणार नाही. आणि ते शब्द बदलले, तर इतर कुठल्याही क्यूबासारखाच सुटेल.

मग आम्ही शब्दच बदलले. वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं: तळ, कंबर, माथा. सतरंजीवर बसून क्यूब शिकताना रंगाचं नाव घ्यायचं नाही. ‘पांढरा क्रॉस’ नाही, ‘तळाचा क्रॉस’. ‘पिवळा वर’ नाही, ‘माथा वर’. जो रंगाचं नाव घेऊन रीत सांगेल त्यानं सगळ्यांना पाणी आणून द्यायचं. पहिल्या दिवशी आमच्या माठातलं पाणी संपलं! पण तीन-चार दिवसांत जिभा वळल्या. आणि जीभ वळली की डोकंही वळतं, हा शाळेतला माझा जुना अनुभव आहे.

तळ कुठला ते ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं. मग माथा कुठला? तर तळाच्या समोरचा. तो ओळखायला आम्ही जोड्या पाठ केल्या. पाठांतराला माझा विरोध नाही हं! काय पाठ करायचं एवढाच प्रश्न असतो. मुलांना मी पाटीवर ३६ काढून दाखवला. तीन आणि सहा कसे एकमेकांकडे पाठ करून बसलेत बघा. तसा पांढऱ्या-पिवळ्याचा छत्तीसचा आकडा, निळ्या-हिरव्याचा छत्तीसचा आकडा, लाल-केशरीचा छत्तीसचा आकडा. ज्यांचं पटत नाही ते एका तुकड्यावर कधीच सापडणार नाहीत. पांढरा आणि पिवळा दोन्ही असलेला तुकडा शोधून दाखवा, एक आंबा बक्षीस! मुलं तुटून पडली आणि मग ‘नाहीच आहे’ म्हणून ओरडायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, ‘माझ्याकडे आहे.’

तिच्या क्यूबवर होताच की! आंबा द्यावा लागला. मग तिनं तिच्या छत्तीसच्या जोड्या वेगळ्या कागदावर लिहिल्या आणि तो कागद आमच्या कागदाशेजारी लागला. त्यानंतर तिच्या क्यूबला कुणी खोटा म्हटलं नाही. उलट तो मागून घ्यायला लागले, कारण त्यावर करायचं म्हणजे जरा अवघड काम!

तुम्ही म्हणाल, अहो, आधी एक रंग तरी धड येऊ दे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाच्या आईनंही मला हेच विचारलं. ‘आजी, लहान आहेत हो. सहा रंगांनी गोंधळणार नाहीत का?’ तिचा प्रश्न अगदी रास्त होता. नवशिक्याला एका वेळी एकच गोष्ट द्यावी हे मीही मानते. म्हणून आमचा नियम असा होता, की पहिल्यांदा क्यूब पूर्ण सुटेपर्यंत आणि त्यानंतर आठवडाभर, एकच रंग. फक्त तो रंग ज्यानं त्यानं आपला निवडायचा. त्यामुळे एकाचा तळ लाल, शेजारच्याचा निळा, पलीकडचीचा पिवळा. प्रत्येकाचं काम सोपंच राहिलं, पण शेजारी बघितलं की दुसराच रंग दिसायचा. ‘पांढऱ्यापासूनच करतात’ हे वाक्य उगवायला जागाच उरली नाही.

आठवडा झाला की वार लागू व्हायचे. ही युक्ती आमच्या लहानपणी ऐकलेल्या ग्रहांच्या रंगांवरून सुचली. रविवार सूर्याचा, म्हणून केशरी. सोमवार चंद्राचा, पांढरा. मंगळवार लाल, बुधवार हिरवा, गुरुवार पिवळा, शनिवार निळा. शुक्राचा रंगही पांढराच सांगतात, पण पांढरा सोमवारी होऊन गेलेला. मग शुक्रवार मोकळा ठेवला. शुक्रवारी रंग आपण ठरवायचा नाही, क्यूबला विचारायचं.

शुक्रवार हा माझा आवडता वार. एकच विस्कटलेला क्यूब सतरंजीच्या मध्यभागी. सगळ्यांच्या हातांची घडी. क्यूब मी सावकाश फिरवून सहाही बाजू दाखवायची. मग प्रत्येकानं सांगायचं, तू कुठून सुरुवात करशील आणि का? कारण सांगितल्याशिवाय क्यूबला हात लावायचा नाही. सुरुवातीला कारणं गमतीदार असायची. ‘मला निळा आवडतो.’ ठीक आहे, तेही कारण आहे. ‘काल केशरीपासून पटकन झालं होतं.’ काल वेगळा होता, बाळा! हळूहळू मात्र कारणं बदलायला लागली. ‘हिरव्याच्या दोन पाकळ्या आधीच बसल्यात.’ ‘पिवळ्याच्या सगळ्या पाकळ्या एकाच बाजूला जमल्यात.’ ‘लालच्या तीन दिसतात, पण त्यातल्या दोन चुकीच्या क्रमानं आहेत.’ हे शेवटचं वाक्य पोळ्यावाल्या मावशींच्या मुलीचं. लालच्या तीन पाकळ्या पाहून सगळी मुलं लाल लाल म्हणत होती आणि ही एकटी म्हणाली, निळा. मी दोन्ही करून दाखवायला लावलं. निळ्याचा क्रॉस आधी झाला.

तिला हे सगळ्यांपेक्षा लवकर जमलं याचं मला कोडं पडलं नाही. तिच्या क्यूबानं तिला पहिल्या दिवसापासून आधी बघायला लावलं होतं. इतरांना व्हिडिओचं बोट होतं. हिला बोट नव्हतं, म्हणून हिची नजर तयार झाली. अर्थात हे सांगायला सोपं आहे. त्या नादात ती क्यूब कायमचा खिशात टाकून निघून गेली असती हेही तितकंच खरं. बोट नसलेली सगळीच मुलं नजर तयार करत नाहीत. पुष्कळशी नुसती घरी जातात. शाळेत अशी घरी गेलेली मुलं किती असतील याचा हिशेब कुठल्याच हजेरीपटावर सापडत नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या सोसायटीतला एक मुलगा नववीत आहे. स्पर्धांना जातो, तीस सेकंदांच्या आत क्यूब सोडवतो. दोन वर्षं रोज सराव, आणि दोन्ही वर्षं पांढरा. धाकट्यांचे हे शुक्रवार बघून त्यालाही वाटलं, आपणही सगळे रंग शिकावेत. हिशेब त्याला ठाऊक होता. एका ठरलेल्या रंगाचा क्रॉस कितीही वाईट पडला, तरी जास्तीत जास्त ८ चालींत होतो. सहा रंगांतून सगळ्यांत सोपा निवडायची मुभा असेल, तर सरासरी साधारण एक चाल वाचते. वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या स्पर्धेत हात लावण्याआधी क्यूब नुसता बघायला १५ सेकंद मिळतात, तेवढ्यात ही निवड करायची.

एक चाल! आणि त्या एका चालीसाठी त्यानं जेव्हा लालपासून सुरुवात केली, तेव्हा त्याला लागला सव्वा मिनिट. बोटं धावायला तयार, पण डोळे पांढराच हुडकत होते. क्रॉसनंतर तर आणखी पंचाईत. कंबरेवर कुठल्या रंगाशेजारी कुठला, हे त्याला विचार न करता येत होतं, ते सगळं पुसलं गेलं. आठ दिवस त्यानं नेटानं केलं. नवव्या दिवशी क्यूब सतरंजीवर ठेवला आणि म्हणाला, ‘आजी, मला क्यूब येत नाही. मला फक्त पांढरा येतो.’

मी त्याला म्हटलं, असं काही नाही रे. तुला पांढरा उत्तम येतो, तो कुणी काढून घेत नाहीये. जूनमध्ये त्याची स्पर्धा होती, तेव्हा तो परत पांढऱ्यावर गेला आणि ते योग्यच केलं. आता त्यानं मधली वाट धरली आहे. पांढरा आणि पिवळा, दोन्ही. या जोडीत कंबरेचे चार रंग तेच राहतात, फक्त त्यांचा क्रम उलटा होतो, त्यामुळे फारसं मोडावं लागत नाही. अनेक खेळाडू असंच दोन रंगांवर थांबतात. त्याचे दोन रंग आता बरोबरीला आलेत. बाकीचे चार येतील तेव्हा येतील.

पण त्याला जे आठ दिवस सोसावं लागलं, ते धाकट्यांना मुळीच सोसावं लागलं नाही. कारण त्यांच्याकडे मोडायला काही नव्हतं. ज्यांचा वेगच दोन-तीन मिनिटांचा, त्यांना रंग बदलला म्हणून चार मिनिटं लागली तर कुणाचं काय बिघडतं? कुंभाराला आकार बदलायचा असेल तर तो चाकावर असतानाच. भट्टीतून निघालेल्या मडक्याला काय सांगणार? म्हणून मी म्हणते, की ही सवय पुढे कधीतरी वरच्या इयत्तेत शिकवू म्हणून ठेवून देण्यासारखी नाही. ती पहिल्या आठवड्यातच, कळत नकळत, शब्दांतूनच रुजवावी.

सगळ्यांनाच ती रुजते असंही नाही. सहा वर्षांचा एक चिमुरडा होता. त्याला वार बदलला की रडू यायचं. त्याला पांढराच हवा. मग त्याला म्हटलं, तुझे सगळे वार सोमवार! खूश झाला. सोमवार करत करत त्याला क्यूब आला. पुढच्या सुट्टीत मंगळवार आला तर बघू. मोकळेपणा शिकवायचा म्हणून त्याचीच सक्ती करायची, हे काही मला पटत नाही.

आणि खरं सांगू का, ती एक चाल वाचते की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. माझे सांधे असे आहेत की एका चालीनं काय होणार? मला त्या सतरंजीवरची हाताची घडी महत्त्वाची वाटते. सात-आठ मुलं, समोर विस्कटलेली वस्तू, आणि मिनिटभर कुणीही तिला हात लावत नाही. सगळे नुसते बघताहेत, की आधीच काय जुळलेलं आहे. विस्कटलेल्या क्यूबातही काही ना काही बहुधा जुळलेलं असतं. ज्याला एकाच रंगाची सवय, त्याला ते दिसत नाही आणि तो जुळलेलं मोडून आपल्या ठरलेल्या जागेपासून सुरू करतो. हे घरातल्या भांडणांतही होतं, पण तो विषय वेगळा. असो.

शाळा सुरू झाल्या, मुलांचं येणं कमी झालं. मावशींची मुलगी मात्र रविवारी आणि मावशींची गडबड असेल तेव्हा अधूनमधून येते. तिला दुसरा चांगला क्यूब द्यावा असं माझ्या मनात आलं होतं, पण तिनं मागितला नाही आणि मी थांबले. तिचा तिला चांगला चालतोय.

पावसाळ्यात त्या क्यूबचे पांढरे स्टिकर आधी मळले, मग ओलीनं सुटायला लागले. दोन पडले, चार पडले. वर्गातल्या मुलांनी तिला म्हणे सांगितलं, आता टाकून दे, पांढराच गेला तर करणार काय? तिनं उरलेले तीनही नखानं खरवडून काढले. खालून काळं प्लॅस्टिक निघालं. नऊच्या नऊ चौकोन काळे. दुसरं काहीच केलं नाही, फक्त छत्तीसच्या जोड्यांच्या कागदावर ‘पांढरा’ खोडून त्याच्यावर ‘काळा’ लिहिलं. तो कागद अजून माझ्या भिंतीवर आहे.

परवा शाळेला सुट्टी होती म्हणून ती आईबरोबर आली. सतरंजी स्वतःच अंथरली, बसली, क्यूब मध्यभागी ठेवला आणि हाताची घडी घातली. मी विचारलं, ‘काय गं, आज कुठून?’

‘आज सोमवार ना, आजी,’ ती म्हणाली. ‘म्हणजे काळ्यापासून.’